मालेगावात समुद्र कुठून आला? आणि रंगांचे बाकीचे प्रश्न

गेल्या अंकात पायथनमध्ये नकाशे आणि आलेख काढण्याबद्दल लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे निघाले, रंगांचे. तयार कलरमॅप लावला की काहीतरी भलतंच दिसतं, आणि स्वतःचा बनवायला गेलं की अडकायला होतं. म्हणून यावेळी फक्त रंगच घेतलेत. सगळ्यांची उत्तरं मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी, धरून दिलीत, कारण सगळ्यांनी तेच वापरलंय.

प्रश्न : मी भूगोलात एमएस्सी करतेय, नाशिकरोडला राहते. जिल्ह्याचा उंचीचा नकाशा काढला, डेटा नासाचा एसआरटीएम, २०० ते १६०० मीटरमध्ये कापून घेतलाय. 'टेरेन' नावाचा कलरमॅप लावला तर मालेगावच्या बाजूचा गिरणेचा सगळा पट्टा निळा आला, बघणारा प्रत्येकजण विचारतो की एवढं मोठं धरण कुठलं. आणि साल्हेरच्या माथ्यावर पांढरं, बर्फ पडल्यासारखं. माझा डेटा चुकलाय का?

डेटा ठीक आहे तुमचा. घोळ झालाय तो रंगांच्या पट्टीचा, आणि तो नीट समजून घ्या म्हणजे पुढचे बरेच प्रश्न तिथेच सुटतील.

कलरमॅप म्हणजे २५६ रंगांची एक पट्टी असते, तिचं एक टोक ० आणि दुसरं १. तुमचा आकडा, म्हणजे मीटरमधली उंची, त्या पट्टीला कळतच नाही. आधी तो आकडा ० ते १ मध्ये बसवला जातो, त्या कामाला नॉर्म म्हणतात, आणि मग त्या जागेवरचा रंग उचलला जातो. म्हणजे कामं दोन आहेत, आकडा कुठे बसवायचा हे एक आणि त्या जागी रंग कुठला हे दुसरं, आणि बहुतेकजण पहिल्याकडे बघतच नाहीत.

आता तुमचंच गणित करू. मालेगाव साधारण ४४० मीटरवर आहे. ४४० मधून २०० वजा केले, राहिले २४०, त्याला १४०० ने भागलं की आले ०.१७. 'टेरेन'मध्ये ०.१५ ला आकाशी निळा बसवलेला आहे आणि हिरवा सुरू होतो ०.२५ ला, म्हणजे पट्टीचा पहिला पाव भाग समुद्रासाठी राखून ठेवलाय. मालेगाव बरोबर त्या पाव भागात पडलं. नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास, ते येतं ०.२९ ला, म्हणून ते हिरवं दिसलं. साल्हेर १५६७ मीटर, ते आलं ०.९८ ला, आणि त्या कलरमॅपचं वरचं टोक पांढरं आहे, बर्फाच्या डोंगरांसाठी. जगाच्या नकाशासाठी केलेली पट्टी आपण एका जिल्ह्याला ताणून लावली, दुसरं काही झालेलं नाही.

तात्पुरता उपाय हवा असेल तर टेरेनच्या पट्टीचा ०.२५ ते १ एवढाच तुकडा कापून घ्या. लिनस्पेसने ०.२५ ते १ मधल्या २५६ जागा काढायच्या, त्या टेरेनला द्यायच्या, जे रंग मिळतील त्यांचा लिस्टेड कलरमॅप करायचा. समुद्र गेला. पण साल्हेरवरचा बर्फ राहिला, म्हणून माझं म्हणणं असं की स्वतःचाच बनवा, पाच ओळींचं काम आहे.

लिनिअर सेगमेंटेड कलरमॅप नावाचा क्लास आहे, त्यात 'फ्रॉम लिस्ट' हे फंक्शन. त्याला एक नाव द्यायचं आणि जोड्यांची यादी द्यायची, प्रत्येक जोडीत आधी जागा आणि मग रंग, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा किती ते सांगणारे तीन आकडे. तुमच्यासाठी मी अशा जोड्या लावून बघितल्या : ० ला गडद हिरवा (०.१०, ०.२५, ०.१५), म्हणजे सुरगाणा-पेठकडच्या खोल दऱ्या. ०.१८ ला, म्हणजे ४५० मीटरला, मधला हिरवा (०.३०, ०.४५, ०.२०). ०.२९ ला, म्हणजे ६०० मीटरला, वाळक्या गवताचा रंग (०.६०, ०.५८, ०.३०). ०.५७ ला, म्हणजे १००० मीटरला, फिकट मातकट (०.८०, ०.६६, ०.४८), आणि १ ला साय रंगाचा (०.९७, ०.९४, ०.८७). बघा, दरी गडद आणि जसजसं वर जाल तसतसं फिकट, मध्ये कुठेही उलटी उडी नाही. आणि खालच्या बाजूला जोड्या मुद्दाम दाट ठेवल्यात, कारण आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग पठाराचा आहे, तिथला शंभर-दीडशे मीटरचा फरक डोळ्याला दिसला पाहिजे, डोंगराच्या माथ्यावर तेवढा बारकावा नसला तरी चालतो.

तीन ठिकाणी अडकाल ते आत्ताच सांगते. एक, पहिली जागा बरोबर ० आणि शेवटची बरोबर १ पाहिजे, नाहीतर एरर येते. दोन, रंगाचे आकडे ० ते १ मध्ये लागतात, आणि फोटो एडिटिंगच्या ॲपमधून रंग उचलला की ते ० ते २५५ मध्ये मिळतात, त्यांना २५५ ने भागा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा काढताना व्ही-मिन (पट्टीच्या खालच्या टोकाचा आकडा) २०० आणि व्ही-मॅक्स (वरच्या टोकाचा) १६०० असं स्वतः लिहून द्या. दिलं नाही तर मॅटप्लॉटलिब समोरच्या डेटातला लहान-मोठा आकडा घेतो, म्हणजे उद्या तुम्ही नुसता निफाड तालुका कापून काढलात की ०.२९ म्हणजे ६०० मीटर राहणारच नाही आणि सगळे रंग सरकतील.

अजून एक तपासा. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर शटलवरून रडारने झाली, ११ दिवसांत. उभ्या कड्यांच्या आड रडार पोचत नाही, तिथे जुन्या फाइलींमध्ये उणे ३२७६८ असा आकडा भरलेला असतो, त्याचा अर्थ 'इथे माप नाही'. तुम्ही २०० वर कापलंत तेव्हा हे उणे आकडेसुद्धा २०० झाले असणार. त्र्यंबक, इगतपुरीच्या कड्यांवर मध्येच गडद हिरवे खड्डे दिसत असतील तर ते तेच. आधी त्यांना नॅन, म्हणजे 'आकडा नाही', करा आणि मग कापा. नव्या आवृत्तीत ह्या जागा भरून दिल्यात, ती मिळाली तर उत्तमच.

प्रश्न : मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हीट सिंकच्या तापमानाचा आलेख विरिडिस कलरमॅपमध्ये काढला होता, गाईड सर म्हणाले जेट लाव, सगळे जेटच लावतात, त्यात रिझल्ट उठून दिसतो. खरंच जेट वाईट आहे का, की नुसती फॅशन बदललीय?

फॅशन नाही, ह्यामागे मोजमाप आहे. सरांचा मुद्दाही समजण्यासारखा आहे हो, त्यांच्या काळात मॅटलॅब उघडलं की जेटच यायचा, डोळ्याला सवय झालेली असते. पण मॅटलॅबनेच २०१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत जेट काढून परुला आणला, आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ च्या जानेवारीत २.० आवृत्तीपासून विरिडिस. विरिडिस बनवला नॅथॅनियल स्मिथ, स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि एरिक फायरिंग यांनी, आणि त्यातल्या पहिल्या दोघांनी २०१५ च्या सायपाय परिषदेत तो मांडला होता.

अडचण अशी की आपला डोळा जास्त-कमी ओळखतो ते मुख्यतः उजळपणावरून, रंगाच्या जातीवरून नाही. आपल्याकडे रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, म्हणजे अंगावरच्या रंगावरून कोण कुठून आलंय ते कळतं. पण गुलाबी जास्त की पिवळा जास्त असं कोणी विचारत नाही, कारण त्या रंगांना क्रमच नाही. जेटमध्ये तसल्याच बिनक्रमाच्या रंगांकडून आपण क्रमाचं काम करून घेतो.

उजळपणा ० ते १०० मध्ये मोजतात. शुद्ध पिवळा ९७, आकाशी ९१, हिरवा ८८, लाल ५३, निळा ३२. आता जेट बघा, गडद निळ्यापासून सुरू, मग आकाशी, पिवळा, लाल आणि शेवटी गडद तांबडा. म्हणजे सगळ्यात उजळ भाग मध्ये आणि दोन्ही टोकं काळपट. तुमच्या हीट सिंकवर सगळ्यात गरम जागा आणि सगळ्यात थंड जागा दोन्ही गडद येणार, आणि डोळा ओढला जाणार पिवळ्याकडे, म्हणजे मधल्या कुठल्यातरी तापमानाकडे, जिथे सांगण्यासारखं काहीच घडत नाहीये. शिवाय आकाशी आणि पिवळ्याच्या ठिकाणी रंग एकदम बदलतो त्यामुळे तिथे रेघ असल्याचा भास होतो. तापमान तर हळूहळूच बदलतंय. 'उठून दिसतं' ते बऱ्याचदा हेच असतं.

सरांना वाद घालून नाही, करून दाखवा. दोन्ही आलेखांची कॉलेज रोडवरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट प्रत काढा, शेजारी शेजारी ठेवा, आणि विचारा की ह्यात गरम जागा कुठली. जेटच्या प्रतीत कोणालाच सांगता येणार नाही. रिपोर्ट शेवटी झेरॉक्सच होतो ना सगळ्यांचा. आणि तापमानाला गरम दिसणारेच रंग हवे असतील तर इन्फर्नो वापरा, काळ्यापासून जांभळा, केशरी आणि फिकट पिवळा असा जातो, उजळपणा सरळ चढत जातो, सरांनाही आवडेल असं वाटतं.

प्रश्न : येवल्याची आहे. पैठणीच्या राणी आणि हिरव्या रंगाचा कलरमॅप करून बघितला, दोनच रंग दिले, पण मध्ये मळकट तपकिरी येतंय. साडीत तर असं कधी दिसत नाही.

साडीत ताण्याचा धागा वेगळा आणि बाण्याचा वेगळा राहतो, दोन्ही रंग शाबूत असतात आणि डोळ्याला ते आलटून पालटून दिसतात. कॉम्प्युटर मात्र तीन आकड्यांची सरासरी काढतो. राणी म्हणजे समजा (०.८५, ०.१०, ०.४५) आणि हिरवा (०.१०, ०.५५, ०.२०), तर मधोमध येणार (०.४७५, ०.३२५, ०.३२५). तिन्ही आकडे जवळ आले की रंग मळतो, एवढंच आहे ते. निळा आणि पिवळा घेतलात तर अगदी बरोबर मध्यावर करडा येतो, तिन्ही ०.५.

मध्ये तुम्ही स्वतः तिसरा रंग बसवा. राणी, साय रंगाचा आणि हिरवा असं केलंत की मळ जातो. पण मग तो दोन बाजूंचा कलरमॅप झाला, मधला रंग म्हणजे शून्य किंवा सरासरी असा अर्थ बघणारा घेणारच, तेव्हा तुमच्या डेटाला तसा मध्य आहे का ते आधी बघा. आणि लाल-हिरव्या जोडीबद्दल शेवटच्या उत्तरात लिहिलंय तेही वाचा, ते तुमच्या जोडीलाही लागू आहे.

प्रश्न : शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांसोबत तालुकावार रोजच्या पावसाचा नकाशा करतोय. इगतपुरी-त्र्यंबकला धो धो पडतो त्या दिवशी पूर्वेकडचे सगळे तालुके एकाच फिकट रंगात जातात, नांदगावला २ मिलिमीटर पडला की २०, काही कळत नाही. लॉग स्केल सांगितलं एकाने, पण मुलांना ते कसं समजावणार?

सर, लॉगच्या भानगडीत नका पडू. पावसाला हवामान खात्याने पायऱ्या दिलेल्याच आहेत आणि मुलं त्या बातम्यांत ऐकतात, त्याच घ्या. चोवीस तासांत २.५ मिलिमीटरपासून हलका, १५.६ पासून मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार.

मुलांना समजवायला तर आपल्याकडे दुतोंड्या मारुती आहे. गोदावरीला पूर आला की आख्खं नाशिक काय विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला? सेंटिमीटर कोणी विचारत नाही. पाणी सलग चढत असतं पण आपण ते ठरलेल्या खुणांवर वाचतो. कलरमॅपलाही तसंच सांगता येतं, त्याचं नाव बाउंडरी नॉर्म.

करायचं असं. वरचे पाच आकडे सीमा म्हणून द्यायचे : २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५. पाच खुणांच्या मध्ये चार घरं होतात. शिवाय २.५ च्या खाली एक घर आणि २०४.५ च्या वर एक घर, त्यासाठी 'एक्स्टेंड'ला 'बोथ' सांगायचं. झाली सहा घरं, म्हणून रंगही सहाच, ना कमी ना जास्त. इथेच सगळे अडकतात, पाच सीमा म्हणून पाच रंग देतात आणि मग एरर बघत बसतात, तेव्हा आधी कागदावर रेघ काढून घरं मोजायला लावा मुलांना. आणि बरोबर सीमेवरचा आकडा वरच्या घरात जातो, म्हणजे ६४.५ हा जोरदारमध्येच मोजला जातो, हवामान खात्याची व्याख्याही तशीच आहे, त्यामुळे काही जास्तीचं करावं लागत नाही.

रंग 'ब्लूज' ह्या तयार पट्टीतून सहा उचला पण सुरुवात ० पासून नका करू, तो जवळजवळ पांढरा आहे, कागदात मिसळून जातो. ०.१५ पासून १ पर्यंत सहा जागा घ्या. रंगपट्टीवर मधली चार घरं सारख्या आकाराची आणि टोकाची दोन बाणासारखी दिसतात, तशीच राहू द्या, वाचायला सोपी जातात.

एक विनंती, पिवळा-केशरी-लाल असे अलर्टचे रंग पडलेल्या पावसाला नका वापरू. अलर्ट म्हणजे पुढे काय होऊ शकतं आणि किती सावध राहायचं, आणि तुमचा नकाशा म्हणजे काल किती पडला. मुलांच्या डोक्यात ह्या दोन गोष्टी मिसळल्या तर घरी जाऊन आईला सांगतील की उद्या रेड अलर्ट आहे.

प्रश्न : अपडेट केल्यापासून जुना कोड 'गेट सीमॅप' वर एरर देतोय. आणि स्वतःचा कलरमॅप दर वेळी नव्याने लिहावा लागतो का? – सातपूर

मॅटप्लॉटलिब डॉट सीएममधलं ते फंक्शन ३.९ आवृत्तीत काढून टाकलंय. आता 'मॅटप्लॉटलिब डॉट कलरमॅप्स' ही डिक्शनरीसारखी वस्तू आहे, चौकटी कंसात नाव दिलं की कलरमॅप मिळतो. त्याच वस्तूवर 'रजिस्टर' आहे, तिथे तुमचा नोंदवा, मग नुसत्या नावाने वापरता येतो. पण नोंद प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच टिकते, म्हणून तो कोड एका छोट्या फाइलीत ठेवा आणि दर वेळी ती इम्पोर्ट करा. तयार कलरमॅपचं नाव आपल्याला देता येत नाही. आणि तयार कलरमॅपच्या नावापुढे अंडरस्कोर-आर लावला की उलटा मिळतो तसं तुमच्याचं आपोआप होत नाही, 'रिव्हर्स्ड' करून वेगळा नोंदवायचा.

प्रश्न : लासलगावजवळ आमचं कांद्याचं खळं आहे. भाऊ आणि मी मिळून वर्षभराच्या भावाचा तक्ता केला, आडवे दिवस, उभ्या बाजार समित्या, लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, मनमाड, येवला. पण लिलाव बंद असतात ते दिवस पांढरे येतात आणि आमच्या कलरमॅपमध्ये कमी भावही जवळजवळ पांढराच आहे. वडील बघून म्हणाले, ह्या दिवशी भाव एवढा पडला होता होय?

वडिलांनी नेमकं दाखवलं बघा. भाव पडणं आणि लिलावच न होणं ह्या शेतकऱ्यासाठी दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एकात ट्रॉली विकली जाते आणि दुसऱ्यात परत घरी येते किंवा गेटवर उभी राहते. त्या एका रंगात दिसल्या तर तक्ता खोटं बोलतो.

आकडा नसलेली जागा, म्हणजे नॅन, मॅटप्लॉटलिब पारदर्शक ठेवतो, त्यामुळे मागचा पांढरा कागद दिसतो. 'सेट बॅड' नावाचं फंक्शन आहे, त्याला रंग द्या. आधी कलरमॅपची कॉपी करा आणि कॉपीवर लावा. रंग असा निवडा की तो पट्टीत कुठेच नाही, तुमची पट्टी पिवळी ते तपकिरी असेल तर मध्यम करडा द्या, आणि खाली सरळ लिहा : करडा म्हणजे लिलाव नाही.

पण त्याआधी एक बघा, तुमच्या फाइलीत बंद दिवसांच्या ओळी आहेत का? बऱ्याच ठिकाणी भाव निघाला त्याच दिवसाची नोंद असते. सगळ्याच समित्या बंद असलेला दिवस मग तक्त्यात येतच नाही, शनिवारला सोमवार चिकटतो आणि आठ दिवसांचा संप असला तर तो गायबच. तक्त्यांसाठी पांडाज लायब्ररी वापरत असाल तर वर्षभराच्या सगळ्या तारखा बनवून 'रीइंडेक्स' करा, रिकाम्या जागी आपोआप नॅन येतो. आणि कुठे बंद दिवसाला ० भरलेला असेल तर तेही नॅन करा, शून्य भाव असं काही नसतं.

दुसरं, एखाद्या दिवशी एखाद्या समितीत भाव अचानक वर गेलेला असतो, कधीकधी तर टायपिंगची चूक, एक शून्य जास्त. तेवढ्या एका आकड्याने व्ही-मॅक्स वर जातो आणि बाकी वर्ष फिकट होतं. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून ९८ टक्के आकडे ज्याच्या खाली येतात तो व्ही-मॅक्स धरा, त्याच्या वरच्यांना 'सेट ओव्हर'ने वेगळा रंग द्या आणि रंगपट्टीला 'एक्स्टेंड मॅक्स' सांगा, म्हणजे टोकाला बाण येतो आणि बघणाऱ्याला कळतं की इथून वरही आकडे आहेत. आणि गेल्या वर्षीचा तक्ता शेजारी लावणार असाल तर दोन्हीला तेच व्ही-मिन, तेच व्ही-मॅक्स. हे विसरलात तर दोन्ही वर्षं सारखीच दिसतील, कारण प्रत्येकाने आपापली पट्टी ताणून घेतलेली असेल.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. सॅटेलाइटच्या फोटोंवरून बागेचा एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवा पाला किती आहे त्याचा, नकाशा मी पायथनमध्ये करते, लाल-पिवळा-हिरवा, जिथे लाल तिथे वेल कमजोर. खूप मेहनतीने केला. नानांना दाखवला तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बाई, मला तर सगळी बाग एकाच रंगाची दिसतेय. त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही हे आम्हाला घरात आत्ता कळलं. आता काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला मी. ज्यांच्यासाठी नकाशा केला त्यांनाच तो दिसला नाही, आणि इतकी वर्षं त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. लाल-हिरव्याचं रंगांधत्व पुरुषांतच जास्त असतं, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषाकडे एक्स एकच. उत्तर युरोपातल्या वंशाच्या पुरुषांमध्ये शंभरात आठ जणांना असतं, आपल्याकडे प्रमाण त्याहून कमी आहे, पण गावात द्राक्षवाल्यांची मीटिंग भरली तर त्यात एखादा असणारच. म्हणून हा बदल फक्त नानांसाठी नका करू, कायमचाच करा.

लाल आणि हिरवा साधारण सारख्या उजळपणाचे घेतले की अशा डोळ्याला दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. पण गडद-फिकट त्यांना आपल्यासारखंच कळतं, तेव्हा काम उजळपणाकडून करून घ्या. एनडीव्हीआयला तसाही मध्य नसतो, पाला कमी की जास्त एवढंच तो सांगतो, म्हणून मुळात दोन टोकांच्या रंगांची गरजच नव्हती. फिकट पिवळ्यापासून गडद हिरव्यापर्यंत जाणारी 'वाय-एल-जी-एन' ही तयार पट्टी घ्या, किंवा स्वतःची करा, सुरुवातीला कडब्याचा फिकट रंग, मध्ये पोपटी, शेवटी जवळजवळ काळपट हिरवा. फिकट म्हणजे विरळ आणि गडद म्हणजे दाट पाला, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. निळ्या-पिवळ्यात जाणारा सिव्हिडिस तर रंगांधत्व डोळ्यासमोर ठेवूनच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण बागेच्या नकाशाला निळा रंग नानांना परका वाटेल, हिरवाच ठेवा.

गेल्या महिन्याशी तुलना करायची असेल तेव्हा मात्र दोन टोकं लागतात, कारण तिथे शून्याला अर्थ आहे, बदल नाही म्हणजे शून्य. तिथे केशरी, पांढरा, निळा अशी पट्टी घ्या आणि दोन्ही बाजूंना सारखी मर्यादा, समजा उणे ०.३ ते अधिक ०.३. टू स्लोप नॉर्म नावाचं एक साधन आहे, त्यात दोन्ही बाजूंना वेगवेगळी मर्यादा देता येते, पण मग थोडीशी वाढ आणि मोठी घट सारख्याच गडद रंगात येऊ शकते. बागेसाठी ते नको.

व्ही-मिन आणि व्ही-मॅक्स वर्षभर तेच ठेवा. नाही ठेवलं तर एप्रिलची खरड छाटणी झाली की आख्खी बाग बोडकी होते, तेव्हाही पट्टी ताणली जाऊन अर्धी बाग गडद हिरवी दिसेल, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर परत तेच. तेच आकडे ठेवलेत तर छाटणीनंतर सगळी बाग फिकट होईल, आणि ते बरोबरच आहे, नानांना त्याचं कारण माहीत आहे. पावसाळ्यात ढगाखाली गेलेला भाग नॅन करून करडा करा, वर कांद्याच्या उत्तरात सांगितलंय तसं.

बारकाव्याची एक मर्यादा लक्षात असू द्या. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो वापरत असाल तर त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे एकरात साधारण ४० ठिपके, तुमच्या अडीच एकरात शंभरच. एका ठिपक्यात वेलांच्या काही ओळी आणि मधली माती सगळं एकत्र येतं, त्यामुळे हा वेल कमजोर असं नकाशावरून नाही सांगता येणार, ह्या कोपऱ्यात काहीतरी कमी आहे एवढंच सांगता येतं, आणि पुढचं नानांनी तिथे जाऊन बघायचं. ठिपके जसे आहेत तसे चौकोनीच दाखवा, गुळगुळीत केलेत की नसलेला बारकावा असल्यासारखा वाटतो.

आणि रंग पक्के करण्याआधी एक करा. तीन वेगवेगळ्या पट्ट्यांचे नकाशे काढा आणि नानांना विहिरीपासून कोपऱ्यापर्यंत बोटाने दाखवायला सांगा की कुठे फिकट दिसतंय. त्यांना ती बाग पाठ आहे, ठिबकची लाइन कुठे चोंदते, कुठे मुरूम वर आलाय, सगळं. त्यांचं बोट जिथे थांबेल ते खरं आहे की नाही हे ते स्वतःच सांगतील. फक्त हे घरात ट्यूबलाइटखाली नका करू. ते नकाशा बघणार ते बागेत उभं राहून, मोबाईलवर, दुपारच्या उन्हात, आणि उन्हात स्क्रीनवरचे फिकट रंग आधी उडतात, म्हणून तिथेच नेऊन दाखवा, आणि फिकट टोक दिसत नसेल तर पट्टीची सुरुवात अजून एक पायरी गडद करा.